राखीव जागा नाकारणारी स्त्री-चळवळ त्या मागू कशी लागली?

सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य अशा मतांनी. पहिलं विधेयक १९९६ साली आलं होतं. त्यामुळे त्या आठवड्यात सगळीकडे एकच वाक्य कानावर पडत होतं, बायकांची सत्तावीस वर्षांची मागणी पूर्ण झाली. हे खरंच आहे, पण गोष्ट तिथून सुरू होत नाही. १९३१ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेसह देशातल्या तीन मोठ्या स्त्री-संघटनांनी ब्रिटिश सरकारला एकत्र निवेदन देऊन कळवलं होतं की आम्हाला मताचा हक्क हवा, समान नागरिकत्व हवं, पण राखीव जागा नकोत.

ज्या चळवळीनं १९३१ मध्ये नाही म्हटलं, तिनंच १९९६ नंतर या जागांसाठी संसदेसमोर धरणी धरली. विरोधकांना यात धरसोड दिसते, आणि चळवळीतल्या माणसांना हा जुना नकार आठवणं अवघड जातं. मला मात्र हा बदल आपल्या राजकीय इतिहासातल्या सर्वांत शिकण्यासारख्या गोष्टींपैकी एक वाटतो. आधीच्या नकारामागे विचार होता आणि नंतरच्या मागणीमागेही आहे. मधल्या काळात बायकांना काय अनुभव आला आणि चळवळीच्या नावानं बोलणाऱ्या बायका कोण होत्या, एवढं पाहिलं तरी बरंचसं उलगडतं.

नकाराच्या आधी

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू आणि व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना भेटलं. नव्या सुधारणांत मताधिकार देताना स्त्रियांना वगळू नका, अशी त्यांची मागणी होती. पुढे नेमलेल्या साउथबरो समितीनं ती मानली नाही आणि प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला गेला. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी स्त्रियांना मत दिलं. मात्र मत मालमत्तेशी बांधलेलं होतं आणि मालमत्ता बायकांच्या नावावर नसायची, त्यामुळे प्रत्यक्षात मतदार झाल्या त्या अगदी थोड्या.

त्याच सुमारास पुण्यात वेगळी लढाई चालू होती. नगरपालिकेत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणायचं ठरत होतं, पण ते आधी फक्त मुलांना द्यावं, मुलींचं नंतर बघू, असं म्हणणारा मोठा गट होता. रमाबाई रानड्यांनी त्याविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणलं. आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्यातच, फर्ग्युसन कॉलेजात, अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्षस्थानी होत्या आणि विषय होता शिक्षण, फक्त शिक्षण. राजकारणात पडायचं नाही, असंच परिषदेचं सुरुवातीचं धोरण होतं.

पण शिक्षणाचा प्रश्न तेवढ्यावर थांबेना. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न होणारी मुलगी शाळेत टिकणार कशी? म्हणजे बालविवाह थांबायला हवा, त्यासाठी कायदा हवा, आणि कायदा कायदेमंडळात होतो. १९२९ च्या शारदा कायद्यासाठी परिषदेनं जोर लावला, आणि शाळा मागायला जमलेल्या बायका दोन-तीन वर्षांतच कायदेमंडळात कोण बसतं याची चर्चा करू लागल्या. स्त्री-चळवळ राजकीय होते ती बहुधा अशीच. तसं कुणी ठरवलेलं नसतं, पण हातातला प्रश्न सोडवताना पुढचा दरवाजा बंद सापडतो.

‘मेहरबानी नको’

गोलमेज परिषदांच्या काळात, १९३० ते १९३२ दरम्यान, ब्रिटिशांनी विचारलं की नव्या कायदेमंडळांत बायकांसाठी काही जागा राखायच्या का? पहिल्या गोलमेज परिषदेला गेलेल्या राधाबाई सुब्बरायन आणि बेगम जहाँआरा शाहनवाज यांचं म्हणणं होतं की जागा राखल्या नाहीत तर बायका निवडून येणार नाहीत, निदान काही काळ तरी राखा. मोठ्या संघटनांनी मात्र उलट भूमिका घेतली. आम्हाला समान मैदान द्या, मेहरबानी नको, हा त्यांचा सूर होता आणि सरोजिनी नायडू त्यात आघाडीवर होत्या.

हा नकार समजून घ्यायचा तर तो काळ डोळ्यासमोर हवा. १९०९ पासून मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ होते, पुढे शिखांनाही मिळाले. देशातल्या माणसांना गटागटांत वाटून जागा देण्याची ही पद्धत म्हणजे फोडा आणि झोडा, असं राष्ट्रीय चळवळ मानत होती. तुरुंगात जाऊन आलेल्या बायकांना त्या वाटणीतला आणखी एक तुकडा होणं मान्य नव्हतं. दुसरं, त्यांचा सगळा युक्तिवादच बरोबरीचा होता. आम्ही कमी नाही म्हणून मत द्या, असं सांगणाऱ्यांनी लगेच वेगळी सोय कशी मागायची?

तिसरं कारण कुठल्या निवेदनात लिहिलेलं नाही, पण ते मला महत्त्वाचं वाटतं. निवेदन लिहिणाऱ्या बहुतेक बायका शिकलेल्या, वरच्या जातींतल्या, सुस्थितीतल्या घरांतल्या होत्या. खुल्या मैदानात आपण टिकू, असं वाटण्याइतकं बळ त्यांच्या पाठीशी होतं.

सरकारनं त्यांचं ऐकलं नाहीच. १९३५ च्या कायद्यानं प्रांतिक विधानसभांत बायकांसाठी ४१ जागा राखल्या, त्याही धर्मवार वाटून. १९३७ च्या निवडणुकीत बायका त्या जागांवर उभ्याही राहिल्या. खुल्या जागांवर निवडून आलेल्या स्त्रिया त्या मानानं फारच थोड्या होत्या. सुब्बरायन आणि शाहनवाज यांचा अंदाज चुकीचा नव्हता.

नागपूरच्या बायकांनी काय मागितलं

इथपर्यंतची हकीगत बहुतेक पुस्तकांत सापडते. पण त्याच वेळी नागपुरात जे चाललं होतं ते धरल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते.

डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. तिथे जाईबाई चौधरींना बोलावणं होतं. त्या दलित समाजातल्या शिक्षिका, नागपुरात मुलींची शाळा चालवणाऱ्या. जेवणाच्या वेळी त्यांना इतर बायकांपासून वेगळं बसवलं गेलं. समान मैदानाची मागणी करणाऱ्या संघटनेच्या मांडवात हे घडलं. दलित स्त्रियांनी सभा घेऊन त्याचा निषेध केला.

पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच दलित वर्गाच्या स्त्रियांची अखिल भारतीय परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे भाषण केलं आणि हजारो बायका आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कष्टकरी बायकांसाठी रजा आणि कामाच्या बऱ्या अटी असे ठराव तिथे झाले. आणि आणखी एक ठराव झाला, कायदेमंडळांत आणि इतर प्रातिनिधिक संस्थांत अस्पृश्य स्त्रियांसाठी राखीव जागा असाव्यात.

म्हणजे ‘स्त्री-चळवळीनं राखीव जागा नाकारल्या’ हे माझं वरचं वाक्यही पुरतं खरं नाही. चळवळीतल्या एका भागानं नाकारल्या, दुसऱ्या भागानं मागितल्या. ज्यांचं ताटसुद्धा वेगळं मांडलं जात होतं त्यांना खुल्या मैदानाचा भरवसा नव्हता, आणि तो नसण्याला सबळ कारण होतं. पण ‘चळवळीची भूमिका’ म्हणून जी नोंद झाली ती निवेदन देणाऱ्यांची. पुढची पन्नास वर्षं याच दुर्लक्षाची किंमत मोजण्यात गेली, असं माझं मत आहे.

घटनेवरचा विश्वास आणि त्याला गेलेला तडा

घटना समितीत १५ स्त्रिया होत्या. डिसेंबर १९४६ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या हंसा मेहतांनी तिथे सांगितलं की आमच्या संघटनेनं कधीच राखीव जागा किंवा वेगळे मतदारसंघ मागितले नाहीत. आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे. रेणुका राय यांनीही स्त्रियांच्या राखीव जागांना विरोध केला. घटनेनं लिंगभेदाला मनाई केली आणि प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत दिलं, तेही मालमत्तेची अट न घालता. त्या पिढीला वाटलं की मुख्य लढाई संपली.

पुढच्या काळात लोकसभेतल्या स्त्रियांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास रेंगाळत राहिलं. गावपातळीवर १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीनं पंचायतीत दोन बायका घ्याव्यात असं सुचवलं, पण त्या निवडून न येता स्वीकृत म्हणून घ्यायच्या होत्या. ठराव होईपर्यंत कोपऱ्यात बसायचं आणि शेवटी अंगठा किंवा सही करायची, इतकंच त्यांच्या वाट्याला येई.

१९७१ मध्ये केंद्र सरकारनं स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव होत्या. १९७५ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, त्यासाठी अहवाल हवा होता. समिती गावोगाव फिरली आणि डिसेंबर १९७४ मध्ये ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ या नावानं अहवाल आला. १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ मध्ये ९३० राहिल्या होत्या. शिक्षण, रोजगार, आरोग्य, जिकडे पाहावं तिकडे घटनेचं वचन आणि वास्तव यांत दरी होती. अहवाल लिहिणाऱ्या बायका स्वतः त्या वचनाच्या लाभार्थी होत्या, म्हणूनच त्यांना बसलेला धक्का मोठा होता.

तरीही समितीतल्या बहुमतानं विधानसभा-लोकसभेत राखीव जागा नकोत असंच म्हटलं. स्त्रिया म्हणजे एकसारख्या हितसंबंधांचा एकच समाज नाही, वेगळ्या जागांनी त्या मुख्य प्रवाहाबाहेर पडतील, हे त्यांचं कारण. वीणा मजुमदार आणि कायदेतज्ज्ञ लोतिका सरकार यांनी मात्र वेगळी टिपणी जोडली. कागदावरची समानता पुरत नाही, पक्ष बायकांना तिकिटं देत नाहीत, तेव्हा राखीव जागा दिल्या पाहिजेत. जुन्या नकाराच्याच परंपरेत वाढलेल्या दोघींनी पुरावा पाहून मत बदललं होतं.

लाटणं, मोर्चे आणि पक्षांपासून अंतर

या सगळ्यापासून दूर, मुंबईत १९७२ पासून महागाईविरोधी मोर्चे निघत होते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका एकत्र आल्या. हातात लाटणी आणि थाळ्या घेतलेल्या हजारो गृहिणी रेशन, तेल, रॉकेल मागत मंत्रालयावर जात. राखीव जागा हा तिथला विषयच नव्हता. पण घराबाहेर न पडलेल्या बायकांना राजकारण कळलं ते या मोर्च्यांत. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये मृणालताई आणि अहिल्याताई मुंबईतून लोकसभेवर गेल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा दुमदुमली. पाणीवाली बाई म्हणजे मृणालताई आणि दिल्लीवाली बाई म्हणजे हरलेल्या इंदिरा गांधी. पण त्याच लोकसभेत साऱ्या देशातून निवडून आलेल्या स्त्रिया होत्या अवघ्या १९. बायकांचे मोर्चे मोठे होत होते आणि सभागृहातली संख्या घटत होती.

नंतर आणखी एक वळण आलं. आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० च्या ८ मार्चला अनेक शहरांत निदर्शनं झाली आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. या लाटेत उभे राहिलेले गट स्वतःला स्वायत्त म्हणवत. कुठल्याच पक्षाचं छत्र त्यांना नको होतं. सत्तेत जाऊन बायकांचं भलं होतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. एक बाई पंतप्रधान असतानाच आणीबाणी आली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे १९८० च्या आसपास राखीव जागांबद्दल शहरी चळवळीत ना फार विरोध होता ना ओढ.

सत्तेत जाण्याची ओढ आली ती गावाकडून. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. गर्दी लाखाच्या घरात होती. जिल्हा परिषदांच्या निवडणुका बायकांनीच लढवायच्या, असा निर्धार तिथे झाला. त्या निवडणुका १९७९ नंतर थेट १९९२ मध्येच झाल्या, पण मधल्या काळात ग्रामपंचायतींत पूर्ण महिलांची पॅनेल उभी राहिली. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यांपैकी गाजलेलं नाव. इथे मागणी मेहरबानीची नव्हती आणि राखीव जागेचीही नव्हती. सगळ्याच जागा आम्ही लढवतो, असं बायका सांगत होत्या.

पंचायतींनी काय शिकवलं

१९८८ च्या राष्ट्रीय महिला आराखड्यात पंचायतींत ३० टक्के जागांची शिफारस आली, तेव्हा स्त्री-संघटनांचा आग्रह होता की या बायका नेमलेल्या नसाव्यात, निवडून आलेल्या असाव्यात. स्वीकृत सदस्यांचा अनुभव त्यांना ठाऊक होता. महाराष्ट्रानं १९९० मध्ये स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा राखल्या. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू होऊन देशभर एक तृतीयांश जागा आल्या, आणि महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या ५० टक्क्यांवर नेल्या.

चळवळीचं मन खऱ्या अर्थानं वळलं ते इथे. आज देशभरात दहा लाखांहून अधिक स्त्रिया स्थानिक संस्थांत निवडून आलेल्या आहेत. सुरुवातीला काय झालं ते गावात राहणाऱ्या कुणालाही सांगायची गरज नाही. खुर्चीवर सरपंचबाई आणि बोलायला तिचा नवरा. बाई कामाला लागलीच तर तिच्यावर अविश्वास ठराव. दलित किंवा आदिवासी सरपंच असेल तर झेंडावंदनाचा मानही नाकारलेला. हे आजही पूर्ण थांबलेलं नाही.

पण दुसरी बाजूही आहे आणि ती मोजलेली आहे. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांतल्या पंचायतींचा अभ्यास राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी केला. कुठलं गाव राखीव होईल हे चिठ्ठीसारखंच ठरतं, त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना चोख करता येते. जिथे प्रमुख स्त्री होती तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला दिसला, आणि गावातल्या बायकांच्या तक्रारीही पाण्याच्याच होत्या. मुंबई महापालिकेबद्दलचा रिखिल भवनानी यांचा अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले काही प्रभाग २००२ मध्ये खुले झाले. अशा प्रभागांत बाई निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत सुमारे पाचपट होती. मैदान आपोआप समान होत नाही, आधी आत जावं लागतं आणि मग पाय रोवता येतात, याचा हा पुरावा.

कोणत्या बायका?

म्हणून १९९६ मध्ये लोकसभेच्या जागांचं विधेयक आलं तेव्हा डाव्या, समाजवादी आणि स्वायत्त संघटना बहुतांशी एका बाजूला होत्या. पण जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. या जागांवर येणार कोण? इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी त्यात वेगळा वाटा नव्हता. त्या मागणीचा आधार घेऊन विधेयक अडवणारे काही पुरुष नेते बायकांना जागा द्यायलाच तयार नव्हते, हे खरं. पण त्यामुळे मागणी खोटी ठरत नाही. १९९५ च्या सुमारास दलित स्त्रियांनी राष्ट्रीय पातळीवर आणि महाराष्ट्रातही आपल्या स्वतंत्र संघटना उभ्या केल्या होत्या. ‘सगळ्या बायका एक’ म्हणणाऱ्यांनी आमच्या वतीनं बोलू नये, ही त्यांची भूमिका होती. ज्यांना नागपूरची १९४२ ची परिषद माहीत होती त्यांना यात नवल वाटलं नसणार.

समोर कोण उभं आहे यानंही भूमिका बदलते. समान नागरी कायद्याचंच बघा. राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांनी घटना समितीच्या उपसमितीत तो ठामपणे मागितला होता. घटस्फोटित मुस्लीम स्त्रीच्या पोटगीचं शाहबानो प्रकरण आणि बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या दंगली यांनंतर हीच मागणी मुसलमानांना कोपऱ्यात घेण्यासाठी वापरली जाऊ लागली, तेव्हा अनेक स्त्री-संघटना तिच्यापासून मागे सरल्या. आधी प्रत्येक धर्मातल्या बायकांना न्याय देणारे बदल, मग एकसारखेपणा, असं त्या म्हणू लागल्या.

२०२३ चा कायदा मंजूर झाला, पण तो लगेच लागू होणार नाही अशी अट त्यातच आहे. आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, त्यानंतर जागा, आणि त्याही सुरुवातीला १५ वर्षांसाठी. २८८ जणांच्या महाराष्ट्र विधानसभेत २०१९ मध्ये किंवा २०२४ मध्ये पंचवीस स्त्रियाही निवडून आल्या नाहीत आणि राज्याला आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही, हे पाहिलं की हा उशीर किती महागाचा आहे ते कळतं. पहिलं विधेयक गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं होतं. तिनं डिसेंबर १९९६ मध्येच दोन गोष्टी सुचवल्या होत्या. राज्यसभा आणि विधान परिषदांतही बायकांच्या जागा राखाव्यात, आणि योग्य वेळी इतर मागासवर्गीय स्त्रियांचा वाटा विचारात घ्यावा. २०२३ च्या कायद्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. स्त्री-संघटनांमधला पुढचा वाद याच दोन मुद्द्यांवर आहे, आणि या वेळी ओबीसी, दलित, आदिवासी आणि मुस्लीम बायका स्वतःची निवेदनं स्वतः लिहीत आहेत.